पायरेट्स ऑफ पेन्झॅन्स, द (चित्रपट)
गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या याच नावाच्या हास्यप्रधान संगीतिकेवर (ऑपेरावर) आधारित संगीतमय विनोदी चित्रपट (१९८३). मूळ संगीतिकेचा पहिला अधिकृत प्रयोग ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. चाच्यांकडे उमेदवारी करणारा कर्तव्यनिष्ठ फ्रेडरिक २९ फेब्रुवारीला जन्मलेला असल्यामुळे एकविसाव्या वर्षी नव्हे, तर एकविसाव्या वाढदिवशी संपणाऱ्या करारात अडकून पडतो, ही त्यातील कथा कर्तव्यबुद्धीच्या अतिरेकाचा मार्मिक उपहास करते. जोसेफ पॅप यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सादर केलेला आणि पुढे ब्रॉडवेवर गाजलेला नवा प्रयोग विल्फर्ड लीच यांनी दिग्दर्शित केला होता. त्यांनीच तो पडद्यावर आणताना व्हिक्टोरियन काळ वास्तवाच्या आग्रहाने न रंगवता उघडपणे रंगमंचीय, चित्रमय नेपथ्यात उभा केला. केव्हिन क्लाइन यांचा चपळ, आत्ममग्न चाचेराजा ही चित्रपटाची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. लिंडा रॉनस्टॅट, रेक्स स्मिथ, अँजेला लॅन्सबरी व जॉर्ज रोझ यांच्याही प्रमुख भूमिका त्यात आहेत. चित्रपटगृहांबरोबरच सशुल्क दूरचित्रवाणीवरही तो त्याच वेळी प्रदर्शित केल्याने अनेक चित्रपटगृहचालकांनी त्यावर बहिष्कार घातला आणि त्याला अपेक्षित प्रेक्षक लाभले नाहीत.