दुबळ्यांचा हक्क आणि त्याचा बाजार

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात अमेरिकन फुटबॉलच्या नऊ धंदेवाईक संघांचे चालक एकत्र जमले. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळावयाचा परिचित खेळ नव्हे. लांबट चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे जाण्याचा तो दांडगा खेळ आहे. खोलीतील फळ्यावर महाविद्यालयांतून त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या सुमारे ९० खेळाडूंची नावे लिहिलेली होती आणि संघांना ती आपसांत वाटून घ्यावयाची होती. वाटणीचा नियम मात्र जगाच्या रीतीच्या अगदी उलट होता. आदल्या मोसमात जो संघ तळाशी राहिला त्याने पहिली निवड करावयाची, आणि जो सर्वांच्या वर होता त्याने शेवटची.

ह्या नियमाचा जनक बर्ट बेल. तो फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा मालक. १९३५ च्या मोसमात त्याच्या संघाने ११ पैकी अवघे २ सामने जिंकले होते. त्या काळी चांगला खेळाडू महाविद्यालयातून बाहेर पडला की शिकागो, न्यूयॉर्क अशा मोठ्या शहरांतील बलिष्ठ संघ त्याला उचलीत. तेच जिंकत, प्रेक्षकही त्यांनाच मिळत, आणि त्या पैशावर ते पुन्हा चांगले खेळाडू घेत. बेलची सूचना मान्य करण्यात शिकागोच्या जॉर्ज हॅलसचे आणि न्यूयॉर्कच्या टिम माराचे उघड नुकसान होते. तरी त्यांनी ती मान्य केली. हे केवळ औदार्य नव्हते. प्रतिस्पर्धीच बुडाले तर सामने खेळावयाचे कोणाशी, हे त्या व्यवहारी माणसांना कळत होते.

पहिल्या निवडीचा मान अर्थातच ईगल्सकडे आला. बेलने शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे नाव घेतले, पण त्याच्याशी करार करण्याचा हक्क लवकरच हॅलसच्या शिकागो बेअर्सला देऊन मोबदल्यात आर्ट बस नावाचा एक खेळाडू घेतला. बरवँगरचे हॅलसशीही जमले नाही. धंदेवाईक सामना तो जन्मात एकही खेळला नाही. दुबळ्याच्या हाती दिलेला पहिलावहिला हक्क असा पहिल्याच वर्षी बलवानाच्या घरी गेला, आणि त्यालाही तो लाभला नाही.

हक्क हस्तांतरित करता येतो म्हटल्यावर त्याचा बाजार भरणारच. ज्याला एखादा विशिष्ट खेळाडू हवा असतो तो आपला खालचा क्रमांक, त्यावर आणखी काही हक्क, प्रसंगी पुढील वर्षांचेही, देऊन वर चढतो. ज्याला एकापेक्षा अनेक बरे वाटतात तो वरचा क्रमांक सोडून खाली उतरतो. ज्या तरुणांवरून ही देवघेव चालते त्यांना कोणत्या गावी जावयाचे हे मात्र कोणी विचारीत नाही.

ह्या बाजारातील सर्वांत गाजलेला सौदा १२ ऑक्टोबर १९८९ चा. डॅलसचा काउबॉइज संघ त्या वेळी पाचही सामने हरला होता. हर्शेल वॉकर हा चेंडू घेऊन धावणारा गडी, एवढीच काय ती त्याची दौलत. नवा प्रशिक्षक जिमी जॉन्सन ह्याने नेमकी तीच विकावयास काढली. मिनेसोटाच्या व्हायकिंग्ज संघाला आपण अजिंक्यपदापासून एकाच खेळाडूने दूर आहोत असे वाटत होते. त्यांनी वॉकरसाठी पाच खेळाडू देऊ केले. प्रत्येकाला एक अट जोडलेली होती: डॅलसने त्या खेळाडूस ठराविक मुदतीत सोडून दिले, तर त्याच्याऐवजी निवडीचा एक हक्क डॅलसला मिळावा. मिनेसोटाची समजूत अशी, की डॅलसला खेळाडू हवे आहेत. जॉन्सनचा डोळा पहिल्यापासून हक्कांवर होता. अखेर डॅलसच्या पदरी पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचे तीन हक्क पडले. शिवाय किरकोळ वेगळेच.

त्या मोसमात डॅलसने १६ पैकी एकच सामना जिंकला. पण १९९० साली मिनेसोटाकडून आलेला २१ वा क्रमांक पुढे करून जॉन्सन १७ व्या क्रमांकावर चढला आणि त्याने एमिट स्मिथला निवडले. ह्या स्मिथने पुढे कारकिर्दीत १८,३५५ यार्ड धावून जो विक्रम केला, तो अद्याप मोडलेला नाही. जानेवारी १९९३, जानेवारी १९९४ आणि जानेवारी १९९६ ह्या तीन वेळा डॅलस अजिंक्य ठरले. वॉकर मिनेसोटात जेमतेम अडीच मोसम टिकला.

ह्याच सुमारास, १९९१ साली, डॅलसच्या मालकाचा तेलधंद्यातील भागीदार माइक मॅकॉय ह्याने एक कोष्टक रचले. पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण, सोळाव्याला १,०००, बत्तिसाव्याला ५९०. बेरीज जुळली की सौदा रास्त. डॅलसचे सहकारी इतर संघांत गेले तसे कोष्टकही गावोगाव पोहोचले. त्यात एक गोम होती. खेळाडूंची योग्यता त्यात मोजलेली नव्हतीच. पूर्वी झालेल्या सौद्यांत लोकांनी काय भाव दिला, एवढेच त्यात नोंदले होते. चूक सर्वांची असली म्हणजे तिलाच बाजारभाव म्हणतात.

ही चूक किती, हे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर ह्या दोन अभ्यासकांनी २००५ साली मांडले. थेलरला पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेवर खेळणाऱ्या, त्याच्या पाठोपाठ निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याचे प्रमाण त्यांना शंभरात ५२ आढळले. म्हणजे जवळजवळ छापा की काटा! पगाराच्या मानाने अधिक लाभ वरच्या क्रमांकांवर नव्हे, तर दुसऱ्या फेरीच्या प्रारंभी होता. २०११ नंतर नवोदितांच्या पगारावर मर्यादा आली आणि वरचे क्रमांक स्वस्त झाले, हे खरे. परंतु त्यांचा दुसरा निष्कर्ष पगाराशी संबंधित नाही. पुढील वर्षीचा हक्क देऊन आज खेळाडू घेणारे संघ जणू सालीना शेकडा १३६ व्याजाने कर्ज काढीत होते. आपल्याकडील दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलाच्या वर जाऊ दिले नसते; येथे एका वर्षात ते मुद्दल ओलांडून पुढे जात होते.

असे कर्ज वॉशिंग्टनने २०१२ साली काढले. सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर चढण्यासाठी त्यांनी सेंट लुईसच्या रॅम्स संघाला त्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा आणि २०१३ व २०१४ चे पहिल्या फेरीचे हक्क दिले. रॉबर्ट ग्रिफिन आला, पहिल्याच मोसमात चमकला, आणि जानेवारी २०१३ मध्ये सिएटलविरुद्ध त्याचा गुडघा मोडला. पुढच्या मोसमात वॉशिंग्टनने १६ पैकी ३ सामने जिंकले. बेलच्या नियमाने अशा पडत्या संघाला २०१४ साली दुसरा क्रमांक मिळाला. पण तो उचलला रॅम्सने, कारण हक्क केव्हाच विकला गेला होता. त्याच वर्षी ७ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या मैदानावर नाणेफेकीसाठी रॅम्सचे सहा नायक पुढे आले. सहाही जण ह्या सौद्यातून मिळालेले होते. रॅम्सने सामना २४-० असा जिंकला. एवढे करूनही रॅम्सला त्या वर्षांत हरण्यापेक्षा जास्त सामने एकाही मोसमात जिंकता आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा विकणारा नेहमी शहाणा ठरतो, असेही नाही. २०१७ साली कॅन्सस सिटीने २७ वा क्रमांक, तिसऱ्या फेरीचा एक हक्क आणि पुढील वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क देऊन बफेलोकडून दहावा क्रमांक घेतला आणि पॅट्रिक महोम्सला निवडले. फेब्रुवारी २०२०, २०२३ आणि २०२४ मध्ये त्याने अजिंक्यपद आणले. बफेलोने २०१८ साली स्वतः वर चढून जॉश ॲलन मिळवला. तोही थोर खेळाडू निघाला. मात्र जानेवारी २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ अशा चार वेळा बफेलोचा संघ बाद फेरीत बाहेर पडला, आणि चारही वेळा समोर महोम्सच होता.