हॅमस्टरचं घर झाडायचं कोणी?

जेरुसलेमच्या माउंट स्कोपसवर हिब्रू विद्यापीठाचं प्राणिगृह होतं. तिथले प्रमुख हाइन बेन-मेनाकेम यांच्या ताब्यात १९३० साली सोनेरी रंगाची नऊ पिल्लं आली. त्यांनी ती लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर तळ कुरतडलेला आणि पाच पिल्लं पसार! त्यांतलं एकही जिवंत हाती लागलं नाही. आज जगभर घराघरांत दिसणाऱ्या सोनेरी हॅमस्टरच्या पिंजऱ्याचा इतिहास असा फुटक्या पिंजऱ्यापासून सुरू होतो.

ही पिल्लं कोणाच्या हौसेखातर आणलेली नव्हती. त्यांच्यामागे होता काळा आजार. बंगाल, आसाम, बिहारमध्ये गावंच्या गावं ओस पाडणाऱ्या या रोगाचा परोपजीवी १९०३ साली लिशमन आणि डोनोव्हन यांनी ओळखला. जेरुसलेममध्ये सॉल अॅडलर हे परोपजीवीतज्ज्ञ त्याच कुळातल्या जिवांवर काम करत होते. प्रयोगाला चिनी हॅमस्टर उपयोगी पडे, पण तो पिंजऱ्यात काही केल्या वीत नसे. दर खेपेला चीनहून नवे प्राणी मागवायचे, ते वाटेत जगतील की नाही याची धास्ती बाळगायची, हे परवडणारं नव्हतं. जवळपासच्या मुलखातला एखादा हॅमस्टर मिळतो का पाहा, असं अॅडलरनी प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांना सांगितलं.

असा हॅमस्टर सीरियातल्या अलेप्पोच्या आसपास राहतो हे ग्रंथांतरी नोंदलेलं होतं. लंडनच्या जॉर्ज वॉटरहाउस यांनी १८३९ मध्ये अलेप्पोहून आलेल्या एका नमुन्यावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं होतं. त्याही आधी, १७९४ साली निघालेल्या अलेप्पोच्या निसर्गेतिहासाच्या दुसऱ्या आवृत्तीत पॅट्रिक रसेल या डॉक्टरनं एका हॅमस्टरच्या शवविच्छेदनाची हकीकत दिली आहे. त्याच्या गालांच्या थैल्यांत फरसबीच्या कोवळ्या शेंगा ठासून, उभ्या ओळीत रचून भरलेल्या होत्या. त्या बाहेर काढून टेबलावर सैल पसरल्या तर ढीग प्राण्याच्या अंगाच्या तिप्पट झाला. पुढं दीडशे-दोनशे वर्षांनी पिंजरा साफ करायला बसलेल्यांची डोकेदुखी ठरलेली साठवणुकीची सवय इथं पहिल्यांदा कागदावर आली.

१२ एप्रिल १९३० रोजी अहारोनींनी स्थानिक शेखच्या मदतीनं मजूर लावून गव्हाचं शेत खणायला घेतलं. कित्येक तास खणल्यावर आई आणि अकरा पिल्लं सापडली. घरट्यासकट उचलून डब्यात घातलेल्या आईनं पहिल्या जवळ आलेल्या पिल्लाचं डोकंच फोडलं. उरलेली वाचवायची म्हणून अहारोनींनी तिला सायनाइडच्या बरणीत टाकलं. नंतर पिल्लांनी एकदा डब्यातूनही पळ काढला. ती पकडून आणेपर्यंत नऊच उरली. घर उचकटलेल्या हॅमस्टर-आईचं काय होतं याचा हा लेखी पुरावा. विणीनंतर काही दिवस पिंजऱ्याला हात लावू नये, असं आज हॅमस्टर पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं.

बेन-मेनाकेम मात्र पहिल्या फजितीतून शहाणे झाले. त्यांनी जाळीचा पिंजरा केला, त्यात वाळलेलं गवत दाबून गच्च भरलं आणि उरलेली भावंडं त्यात सोडली. प्राण्यांना पोखरायला काहीतरी मिळालं. वीण झाली, आणि वर्षभरात संख्या दीडशेच्या घरात गेली. सोळा दिवसांत विणारा प्राणी. एकदा जमलं की मग थांबतो कशाला! १९३१ मध्ये अॅडलर काही हॅमस्टर कोटाच्या खिशात घालून लंडनला घेऊन गेले, असं सांगतात. १९३८ पर्यंत ते अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतही पोचले होते.

या सगळ्यात एक गोष्ट निसटली. गवत गच्च भरलेला पिंजरा यशस्वी ठरला होता, पण प्रयोगशाळांनी उचलली ती जाळी. गवत मागंच राहिलं. शेकडो प्राणी सांभाळायचे तर धुता येईल असा धातूचा किंवा प्लास्टिकचा ट्रे हवा, तळाला बोटभर लाकडाचा भुसा हवा, आणि ठरलेल्या वारी सगळं ओतून नवं भरता यायला हवं. यात कारभाऱ्यांची सोय होती आणि ती रास्तही होती. ओल्या भुशात जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. रांगेनं पिंजरे मांडलेल्या बंद खोलीत तो डोळ्यांना झोंबतो आणि जनावरांच्या श्वसनमार्गालाही बाधतो. हॅमस्टर हा कोरड्या प्रदेशातला प्राणी. पाणी कमी पितो, लघवी थोडी पण दाट आणि दुधासारखी गढूळ असते. ती वाळली की कोपऱ्यात पांढरट थर धरतो. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही, पण व्हिनेगर लावून ठेवलं की सुटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा पिंजरा घरात आला. अमेरिकेत अलाबामातल्या मोबिल गावच्या अल्बर्ट मार्श यांनी १९४६ च्या सुमारास ‘गल्फ हॅमस्टरी’ काढली. त्यांना पहिला हॅमस्टर पैजेत मिळाला, अशी आख्यायिका आहे. मासिकांत जाहिराती देऊन त्यांनी आधी प्रयोगशाळांना आणि मग घरोघरी हॅमस्टर विकले. प्राण्याबरोबर ट्रे, भुसा आणि ठरलेल्या वाराची साफसफाईही घरात शिरली. दिवाणखान्यातल्या एकट्यादुकट्या हॅमस्टरला शंभर पिंजऱ्यांच्या खोलीचं वेळापत्रक कशाला हवं, हा प्रश्न त्या काळी फारसा कुणाला पडल्याचं दिसत नाही.

भुशालाही स्वतःचा इतिहास आहे. सुतार रंधा मारताना निघणारे पातळ छिलके स्वस्त, हलके आणि ओल शोषणारे. त्यांत सीडर नावाच्या लाकडाचे छिलके विशेष लोकप्रिय झाले, कारण त्यांचा सुवास लघवीच्या वासावर मात करतो. १९६७ साली अमेरिकेतल्या इलियट व्हेसेल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक चमत्कारिक निरीक्षण छापलं. तेच झोपेचं औषध, तेच माप. पण सीडरसारख्या मऊ लाकडाच्या छिलक्यांवर राहणारे उंदीर लवकर जागे होत. लाकडातून उडणारी द्रव्यं यकृतातल्या विकरांना चेतवत होती आणि औषध भराभर मोडलं जात होतं. म्हणजे ‘स्वच्छ’ वास हा स्वतःच एक रसायन होता. प्रयोगशाळांनी हा धडा लवकर घेतला. पेटशॉपच्या फडताळातून सीडर हटायला मात्र बराच काळ लागला.

कायद्यानंही हॅमस्टरला अनपेक्षित मान दिला. अमेरिकेच्या १९६६ च्या प्रयोगशाळा-प्राणी कायद्यात कुत्री, मांजरं, माकडं, ससे आणि गिनीपिग यांच्या पंगतीत हॅमस्टरचं नाव होतं. बिचारे उंदीर वगळले गेले.

आणि मग भीती आली. डिसेंबर १९७३ ते एप्रिल १९७४ या काळात अमेरिकेच्या बारा राज्यांत १८१ जण लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस या विषाणूनं आजारी पडले. धागा एकाच पुरवठादाराच्या हॅमस्टरांपर्यंत गेला. हा विषाणू प्राण्याच्या लघवी-विष्ठेतून आणि त्यांनी माखलेल्या भुशाच्या धुळीतून माणसात येतो. बहुतेकांना ताप आणि डोकेदुखीवर निभावतं, पण गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका मोठा. २००५ मध्ये एका अवयवदात्याच्या घरी नवा हॅमस्टर आला होता. त्या दात्याचे अवयव मिळालेल्या चौघांपैकी तिघे दगावले. पिंजरा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये, मोकळ्या हवेत झाडावा, नंतर साबणानं हात धुवावेत, ही सूचना अशा घटनांमुळे ठळक झाली. तिच्यात अतिरेक काही नाही.

अतिरेक दुसरीकडे होता, आणि तो कळायला पुन्हा अलेप्पोला जावं लागलं. जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचे रोल्फ गाटरमान आणि त्यांचे सहकारी १९९७ आणि १९९९ साली उत्तर सीरियाच्या शेतांत उतरले. त्यांनी तीस बिळं तपासली. बिळांची सरासरी खोली ६५ सेंटिमीटर निघाली. सगळ्यात खोल बीळ १०६ सेंटिमीटर. अहारोनींच्या आठवणींत आठ फूट खणल्याचा उल्लेख आहे. शिकारीच्या गोष्टीत वाघ मोठा होतो, तसंच हे झालं असावं. पण आकड्यांपेक्षा रचना महत्त्वाची: उभं उतरणारं तोंड, झोपायची खोली, धान्याची खोली, आणि प्रौढ प्राणी एका बिळात एकच. पुढं २००८ मध्ये छापलेल्या तुर्कस्तानातल्या निरीक्षणांत तर माद्या दिवसाउजेडी बाहेर येताना दिसल्या, आणि तेही सरासरी दीड तासाच्या आत. दिवसाचे उरलेले साडेबावीस तास हा प्राणी घरातच काढतो. पिंजऱ्यातले त्याचे भाऊबंद मात्र रात्री जागतात.

एवढा वेळ घरात घालवणारा प्राणी घर बेशिस्त ठेवत नाही. पिंजऱ्यातही तो बहुधा एकच कोपरा लघवीसाठी धरतो. लेंड्या मात्र कुठंही, वेळप्रसंगी धान्याच्या कोठीतसुद्धा. दोन्ही कुशींवरच्या ग्रंथी तो भिंतींना घासतो, आणि घर आपलं आहे हे त्याला त्या वासावरून कळतं. दर रविवारी घरधनी येतो, घरटं, कोठी, वास सगळं पिशवीत भरून फेकतो आणि सुगंधी भुसा पसरतो. दिवाळीच्या आवराआवरीत कुणी आपलं कपाट, ट्रंक आणि डबे एकदम रद्दीत घालावेत, तसा हा प्रकार. मग हॅमस्टर रात्रभर धावतो, पुन्हा साठवतो, पुन्हा वास लावतो, आणि मालक म्हणतो, बघा, स्वच्छ घरात कसा खूश आहे!

स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या, २००६ साली छापलेल्या प्रयोगानं बेन-मेनाकेम यांच्या गवताला उशिरा का होईना न्याय दिला. हॅमस्टरांच्या तीन गटांना अनुक्रमे १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल भुसा दिला. दहा सेंटिमीटरवाले पिंजऱ्याच्या तारा कुरतडण्यात पुढं होते. ऐंशीवाल्यांमध्ये एकानंही तार कुरतडली नाही. खोल भुशाचा साफसफाईलाही फायदा होतो. सगळं उपसण्याची गरज उरत नाही. ओला कोपरा चमच्यानं उचलायचा, सडू शकेल अशी भाजी-फळं कोठीतून काढायची, कोरडं धान्य राहू द्यायचं, आणि कधीतरी मोठी सफाई केलीच तर जुन्या घरट्यातला कोरडा भाग परत ठेवायचा. ब्रिटनमधल्या प्राणिसंस्था आता अशाच धर्तीचा सल्ला देतात. जर्मनीत अनेक हौशी मंडळींनी तारांचे पिंजरे टाकून काचेच्या मोठ्या टाक्या धरल्या आहेत.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात मात्र आजही रंगीत तारांचा, चक्र लावलेला छोटा पिंजरा आणि मूठभर भुसा हाच जोड खपतो. तारांमधून भुसा सांडतो, घरभर होतो, आणि झाडणाऱ्याच्या कटकटीमुळे त्याचा थर आणखीच पातळ केला जातो.