एका उपासनेच्या दोन संहिता

ॲरिथा फ्रँकलिन या अमेरिकन गायिकेचा ‘अमेझिंग ग्रेस’ हा चित्रपट २०१९ साली तबकडीच्या रूपाने घरगुती पडद्यावर आला, तेव्हा त्यातील गायन जगाला केवळ ऐकून माहीत होऊन सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. मैफलीचे चित्रण आणि ध्वनिमुद्रण सामान्यतः जोडीने रसिकांपुढे येतात, निदान त्यांत फार अंतर पडत नाही. येथे कानांचा पुरावा जवळजवळ अर्धशतक एकटाच फिरत राहिला आणि डोळ्यांचा पुरावा गायिकेच्या मृत्यूनंतर हाती आला. एखाद्या ग्रंथाची एकच प्रत पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानली जावी आणि मग त्याच ग्रंथाची दुसरी, निराळ्या क्रमाची प्रत कोणाच्या तरी पेटाऱ्यातून निघावी, असा काहीसा हा प्रकार होय. पाठचिकित्सेची सवय असलेल्या अभ्यासकाला अशा वेळी जो प्रश्न पडतो, तोच येथेही पडतो : या दोन संहितांपैकी कोणती कशाची साक्ष देते?

मूळ घटना १९७२ सालच्या जानेवारी महिन्यातील १३ आणि १४ या दोन रात्रींची. स्थळ लॉस एंजलिस शहराच्या वॉट्स भागातील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. याच वॉट्समध्ये १९६५ च्या ऑगस्टात कृष्णवर्णीयांच्या असंतोषाचा भडका उडून चौतीस माणसे मृत्युमुखी पडली होती. चर्चची इमारत पूर्वी चित्रपटगृहाची होती. ज्या जागेत कधीकाळी चित्रपट दाखविले गेले, त्याच जागेत हा चित्रपट टिपला जावा हा योगायोग मौजेचा खरा. पण त्याहून महत्त्वाचे हे की, ती वास्तू भव्य नव्हती. बसायला चित्रपटगृहाच्याच खुर्च्या, मागच्या भिंतीवर ख्रिस्ताचे मोठे चित्र, आणि त्यापुढे दाटीवाटीने बसलेला गायकवृंद. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या गायिकेने हे ठिकाण निवडले, यातच तिच्या हेतूची खूण आहे.

ॲरिथाचा जन्म १९४२ चा. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक. त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका निघत आणि विकल्या जात, एवढे त्यांच्या वाणीचे सामर्थ्य होते. मुलीचे पहिले गायनही याच चर्चमध्ये १९५६ साली मुद्रित झाले. त्या वेळी ती चौदा वर्षांची होती. पुढे ती लौकिक संगीताकडे वळली. आरंभीची काही वर्षे तिच्या आवाजाला साजेशी चाकोरी सापडली नाही. १९६७ मध्ये ‘रिस्पेक्ट’ या गीताने ती सापडली, आणि मग तिला मागे वळून पाहावे लागले नाही. अर्थात चर्चच्या अंगणात वाढलेल्या मुलीने बाजारात गावे, याबद्दल मंडळींच्या मनात एक सल होताच. १९७२ च्या त्या दोन रात्रींना या सलाची पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या रात्री वडिलांनी केलेल्या छोट्या भाषणात त्याचा उल्लेख येतो : ॲरिथा चर्चकडे परत आली असे लोक म्हणतात, पण तिने चर्च कधी सोडलेच नव्हते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे.

गीतांची निवड पाहिली की हे विधान केवळ पितृवात्सल्याचे राहत नाही. पहिल्या रात्री तिने आरंभ केला तो ‘होली होली’ या गीताने. ते मार्व्हिन गे याच्या १९७१ च्या लौकिक ध्वनिमुद्रिकेतले. टॉमस डॉर्सी याने १९३२ मध्ये रचलेल्या ‘प्रेशस लॉर्ड’ या भक्तिगीताला तिने कॅरोल किंग हिच्या ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ या ताज्या लोकप्रिय गीताची जोड दिली. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे तर १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या ब्रॉडवेवरील संगीत नाटकातील पद. बाजारातली गाणी देवळात नेली, असे कोणी म्हणेल. परंतु गाताना या गीतांचे माहेर जणू मुळातच देवळात असल्याचा भास होतो. सीमारेषा तिने ओलांडली नाही. ती सीमारेषा होती तरी कोठे, हाच प्रश्न तिच्या गायनाने उपस्थित केला.

या दोन रात्रींमधून निवडून सिद्ध केलेला दोन तबकड्यांचा संच १९७२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि तिच्या सर्व ध्वनिमुद्रिकांत तोच सर्वाधिक खपाचा ठरला. ही पहिली संहिता. तिचे संपादन कुशल आहे, पण ते संपादन आहे हे विसरता कामा नये. दोन रात्रींतील गीते एकत्र करून त्यांचा क्रम नव्याने लावलेला आहे. संचाचा आरंभ ‘मेरी, डोंट यू वीप’ या दुसऱ्या रात्रीच्या गीताने होतो, आणि तिने ज्या गीताने प्रत्यक्ष आरंभ केला ते अखेरच्या बाजूवर जाऊन बसले आहे. दोन्ही रात्रींचे गायन ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने ऐकायला मिळण्यासाठी १९९९ पर्यंत थांबावे लागले.

चित्रणाची कथा अधिक विलक्षण आहे. ‘वुडस्टॉक’ या १९७० च्या चित्रपटाने वॉर्नर ब्रदर्स या कंपनीला मोठा लाभ करून दिला होता. तेव्हा संगीताच्या चित्रणाला पैसा उपलब्ध होता. सिडनी पोलॅक या दिग्दर्शकावर हे काम सोपविण्यात आले. कथाचित्रपटांत त्याने तोवर चांगले नाव मिळविले होते. सोळा मिलिमीटरच्या अनेक कॅमेऱ्यांनी त्याने सुमारे वीस तासांचे चित्रण केले. परंतु प्रत्येक तुकड्याच्या आरंभी पाटी आपटून चित्र आणि ध्वनी यांच्या जुळणीची जी खूण करावी लागते, ती केली गेली नाही. ही चूक किरकोळ वाटते. तिचा परिणाम ध्यानात येण्यासाठी त्या काळची यंत्रे कशी चालत हे समजून घ्यावे लागते. कॅमेऱ्यात आवाज मुद्रित होत नसे. तो निराळ्या फितीवर जाई. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी रिळाचे आयुष्य अवघे अकरा मिनिटांचे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे एक गीतच ध्वनिमुद्रिकेवर जवळजवळ तितका वेळ चालते. म्हणजे एका गीताच्या मध्येच कोणत्या तरी कॅमेऱ्यातील रीळ संपणार, दुसरे चढणार, आणि त्याचा आरंभ गायनातील कोणत्या क्षणी झाला याची नोंद कोठेच नसणार. अशा शेकडो मुक्या तुकड्यांतील ओठांची प्रत्येक हालचाल ध्वनिफितीतील स्वराशी जुळवायची होती. तसे प्रयत्न झाले, पण ते सिद्धीस गेले नाहीत. चित्रे एकीकडे आणि आवाज एकीकडे, अशा स्थितीत ते सारे पेट्यांत बंद झाले.

पोलॅक २००८ साली वारला. त्याच्या आदल्या वर्षी ॲलन एलियट या संगीतनिर्मात्याने हे चित्रण मिळविले होते. संगणकाच्या साहाय्याने, १९७२ मध्ये अशक्य ठरलेली जुळणी आता शक्य झाली. येथे ही कथा सुखान्त व्हावयास हरकत नव्हती. तथापि गायिकेनेच हरकत घेतली. २०११ मध्ये तिने न्यायालयात धाव घेतली. २०१५ च्या सप्टेंबरात कोलोराडोतील टेल्युराइड महोत्सवात चित्रपट दाखविला जाणार होता, तो तिच्या अर्जावरून ऐनवेळी न्यायालयाने थांबविला. तिचे म्हणणे असे की, आपल्या संमतीवाचून हे चित्रण दाखविता येणार नाही. चित्रपट आपल्याला आवडतो असेही तिने सांगितले होते. म्हणजे तिची तक्रार कलाकृतीच्या दर्जाविषयी नव्हती. १६ ऑगस्ट २०१८ रोजी तिचे निधन झाले. त्यानंतर तिच्या वारसांनी संमती दिली, १२ नोव्हेंबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला, आणि पुढील वर्षी तो सर्वत्र प्रदर्शित झाला.

या चित्रपटाची प्रशंसा करणाऱ्या बहुतेकांनी हा भाग हारवलेला ठेवा सापडल्याच्या आनंदात गुंडाळून टाकला आहे. ते योग्य नव्हे. आवाज तिने विकला होता, त्याचा मोबदला घेतला होता, आणि ध्वनिमुद्रिकेच्या निर्मात्यांत तिचे स्वतःचेही नाव होते. चेहऱ्याच्या बाबतीत यांपैकी काहीच झाले नव्हते. दोन संहितांत हा मूलभूत भेद आहे : पहिली गायिकेने स्वहस्ते संपादिलेली, दुसरी तिच्या नकारानंतर इतरांनी सिद्ध केलेली. लेखकाने छापू नका म्हणून बजावलेले आणि त्याच्या पश्चात प्रसिद्ध झालेले ग्रंथ साहित्याच्या इतिहासात आहेत. आपण ते वाचतो, त्यांबद्दल कृतज्ञही असतो. परंतु त्या कृतज्ञतेमुळे मूळ नकार रद्द होत नाही.

आता प्रत्यक्ष चित्रपटाकडे वळावे. ध्वनिमुद्रिकेवरून मनात उभी राहते ती सत्ताधीश गायिका. तिचा आवाज सर्वांवर पसरतो आणि बाकीचे आवाज त्याच्या आश्रयाने राहतात. पडद्यावर दिसणारी ॲरिथा मात्र एकोणतीस वर्षांची, काहीशी संकोची, आणि जवळजवळ मूक आहे. मूक म्हणजे गाण्याव्यतिरिक्त मूक. बोलण्याचे काम रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड करतो. तिची ओळख तो करून देतो, विनोद तो करतो, हे गाणे-बजावणे नसून उपासना आहे याची आठवण मंडळींना तोच देतो. ती येते, उभी राहते, डोळे मिटते, गाते. दोन गीतांच्या मध्ये तिच्या चेहऱ्यावर जे शांत, किंचित दूरस्थ भाव असतात, ते ध्वनिमुद्रिकेतून कोणालाही कळण्यासारखे नव्हते.

दुसरी गोष्ट गायकवृंदाची. सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर हा क्लीव्हलँडने उभारलेला वृंद. त्याचे संचालन अलेक्झांडर हॅमिल्टन करीत आहे. ध्वनिमुद्रिकेत हा वृंद पार्श्वभूमीसारखा वाटतो. चित्रपटात दिसते ते निराळेच : चंदेरी जाकिटे घातलेले हे तरुण स्त्रीपुरुष आधी श्रोते आहेत आणि मग गायक. तिच्या एखाद्या तानेने कोणी उठून उभे राहतो, कोणी हात वर करतो, कोणी डोळे पुसतो, आणि क्षणार्धात हॅमिल्टनच्या हाताच्या इशाऱ्यासरशी सर्व एकस्वराने गाऊ लागतात. मराठी वाचकाला येथे वारकरी कीर्तनाची आणि धृपद धरणाऱ्या टाळकऱ्यांची आठवण होईल. तो मोह आवरलेला बरा. कीर्तनात निरूपणाला जे स्थान आहे ते येथे गायिकेकडे नाही; शब्दाचा अर्थ उलगडण्यात तिला रस नसून एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारून त्याचा अर्थ शब्दापलीकडे नेण्यात आहे.

‘अमेझिंग ग्रेस’ या गीतात हे विशेष जाणवते. जॉन न्यूटन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७७२ च्या अखेरीस ते रचले. तारुण्यात तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. गुलामांच्या वंशजांनी ते गीत आपले केले, हा एक प्रकारचा अनुवादच म्हणावा लागेल, आणि ज्यात एकही शब्द बदललेला नाही असा अनुवाद विरळा. ॲरिथा त्यातील एकेक शब्द इतका ताणते की पहिल्या कडव्यालाच काही मिनिटे लागतात. ध्वनिमुद्रिकेत मंडळींचे चीत्कार ऐकू येतात. ते कशासाठी, हे उमगत नाही. चित्रपट त्याचे उत्तर देतो. पियानोवर बसलेला क्लीव्हलँड गीताच्या मध्येच उठतो, एका खुर्चीवर जाऊन बसतो आणि कापडात तोंड लपवून रडू लागतो. इतका वेळ ज्याने सर्व सूत्रे हाती ठेवली होती, तोच प्रथम कोसळतो. ती मात्र गातच राहते.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. कॅमेरे धडपडतात, प्रतिमा काही ठिकाणी धूसर होतात, पोलॅक स्वतः मधून मधून हातवारे करताना पडद्यावर दिसतो. दुसऱ्या रात्री पाठीमागच्या रांगांत मिक जॅगर आणि चार्ली वॉट्स हे इंग्रज वादक-गायक येऊन बसले आहेत. त्यांच्यावर कॅमेरा क्षणभर रेंगाळतो, तो न रेंगाळता तर काही बिघडले नसते. शिवाय घरात बसून हा चित्रपट पाहणाऱ्याला हवे तेव्हा थांबविण्याची आणि मागे जाण्याची जी सोय असते, ती या गायनाच्या प्रकृतीला घातक आहे. जे वाढत जाऊन फुटते ते तुकड्यांनी पाहिले की त्यात नुसते गळ्याचे कौशल्य उरते.

दुसऱ्या रात्री पुढच्या रांगेत सी. एल. फ्रँकलिन आणि क्लारा वॉर्ड शेजारी शेजारी बसलेले आहेत. क्लारा वॉर्ड ही आदल्या पिढीची थोर भक्तिगायिका. ॲरिथाने लहानपणी जिचे अनुकरण केले ती हीच. वर्षभरानेच, १९७३ च्या जानेवारीत, ती वारली. अखेरीस ॲरिथा स्वतः पियानोपाशी बसते आणि ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ गाऊ लागते. १९५६ मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांच्या चर्चमध्ये तिने मुद्रित केलेल्या गीतांपैकी हे एक. तिच्या वाद्यवृंदाचा प्रमुख किंग कर्टिस १९७१ च्या ऑगस्टात मारला गेला, त्याच्या अंत्यविधीच्या वेळीही तिने हेच गायिले होते. त्याच्याबरोबर वाजविणारे कॉर्नेल डुप्री आणि बर्नार्ड पर्डी हे दोघे या चर्चमध्येही तिच्या साथीला आहेत. तिच्या चेहऱ्यावरून घाम निथळत असतो. गाणे चालू असताना वडील जागेवरून उठून तिच्याजवळ येतात, हातातील कापडाने तिचे कपाळ आणि गाल पुसतात. ती डोळे उघडत नाही, बोटे थांबत नाहीत, स्वर हलत नाही. ध्वनिमुद्रिकेत या ठिकाणी काहीच ऐकू येत नाही.