पुंजयामिकीची बहुमितीय विवरणे

पुंजयामिकीची बहुमितीय विवरणे : पुंजयामिकीच्या (रूढ भाषेत क्वांटमच्या) प्रयोगांतील कोड्यात टाकणारे निष्कर्ष अवकाशाच्या तीन मिती व काल यांखेरीज आणखी मिती मानून उलगडण्याचे प्रयत्न. यांपैकी एकालाही प्रस्थापित सिद्धांताचा दर्जा नाही. नेहमीच्या पुंजयामिकीहून वेगळे, मोजून पाहता येईल असे भाकीत त्यांतील बहुतेकांतून निघत नाही.

या विषयावरील लेखनात ‘मिती’ हा शब्द तीन अर्थांनी येतो. पहिला अर्थ प्रत्यक्ष अवकाशाची, पण नजरेआड असलेली दिशा असा. दुसरा विन्यास-अवकाशाची मिती असा : एका कणाचे स्थान सांगण्यास तीन आकडे लागतात, दोन कणांचे सांगण्यास सहा. तिसरा अर्थ निव्वळ गणिती असून एखाद्या प्रणालीच्या परस्परांहून पूर्णपणे वेगळ्या ओळखता येणाऱ्या अवस्था किती, एवढेच तो सांगतो. प्रयोगशाळेत अनेक मितींचा प्रकाशकण निर्माण झाल्याच्या बातम्या या तिसऱ्या अर्थाच्या असतात. त्यांचा गुप्त दिशांशी संबंध नाही.

क्लाइन यांची पाचवी मिती : कोनिग्झबर्ग येथील गणिती थिओडोर कालुझा यांनी १९१९ मध्ये आइन्स्टाइन यांना एक लेख पाठविला. व्यापक सापेक्षता पाच मितींत मांडली की गुरुत्वाबरोबर विद्युत्‌चुंबकत्वाची समीकरणेही हाती येतात, असे त्यात दाखविले होते. आइन्स्टाइन यांनी प्रथम उत्साह दाखविला, मग हात आखडता घेतला. लेख प्रसिद्ध झाला तो १९२१ मध्ये. पाचवी मिती दिसत का नाही, याचे समाधानकारक उत्तर त्यात नव्हते.

स्वीडिश भौतिकीविज्ञ ऑस्कर क्लाइन हे मिशिगन विद्यापीठात असताना स्वतंत्रपणे याच वाटेवर आले होते. कालुझा यांचा लेख आधीच छापला गेल्याचे त्यांना पाउली यांच्याकडून कळले. क्लाइन यांचा रोख मात्र वेगळा होता : त्यांना पाचव्या मितीतून पुंजयामिकीच काढायची होती. ही मिती सरळ पसरलेली नसून स्वतःत मिटलेली, वेटोळ्यासारखी आहे असे त्यांनी मानले. वेटोळ्यावर तरंग बसायचा तर तो पूर्णांक वेळाच बसू शकतो. म्हणून त्या दिशेचा संवेग ठरावीक पायऱ्यांनीच वाढतो. आपल्या चार मितींच्या जगात हा संवेग विद्युत् भार म्हणून दिसतो, आणि भार नेहमी इलेक्ट्रॉनाच्या भाराच्या पूर्णांक पटीत का आढळतो, याला कारण मिळते. ज्ञात भारावरून उलट हिशेब करून क्लाइन यांनी वेटोळ्याचा परीघ काढला. १९२६ मध्ये नेचर या नियतकालिकातील टिपणात तो ०.८ गुणिले दहाचा उणे तिसावा घात इतके सेंटिमीटर असा दिला आहे. इतक्या बारीक वेटोळ्यावर सर्व मापनांची सरासरीच हाती लागते, म्हणून ही मिती जाणवत नाही. खुद्द प्लांक स्थिरांकाचा उगम या आवर्तनात असावा, अशीही त्यांची आशा होती. त्याच वर्षी लायडन येथे एरनफेस्ट व उलनबेक यांनी द ब्रॉग्ली यांच्या तरंगांचे पाच मितींतील चित्रण प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये द ब्रॉग्ली यांनी स्वतः या विषयावर लिहिले.

अडचण वस्तुमानाची निघाली. इतक्या लहान वेटोळ्यावर फिरणाऱ्या भारित कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या किमान एकावर वीस शून्ये इतक्या पट येते. ही विसंगती त्या मांडणीत मिटली नाही. आइन्स्टाइन व बर्गमन यांनी १९३८ मध्ये पाचव्या मितीला वास्तव मानून पुन्हा प्रयत्न केला, तोही पुढे गेला नाही. क्लाइन यांची वेटोळ्याची कल्पना मात्र तंतू सिद्धांतात (मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने असे मानणाऱ्या मांडणीत) टिकली. पण तेथे पुंजयामिकी आधीच गृहीत धरलेली असते, मितींतून काढलेली नसते. हा उलटफेर लोकप्रिय पुस्तकांत सहसा सांगितला जात नाही.

विन्यास-अवकाश व बोम : श्रोडिंगर यांचा तरंग एका इलेक्ट्रॉनापुरता तीन मितींत मावतो, हीलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांना सहा लागतात. मग असा तरंग प्रत्यक्ष अवकाशातला कसा मानायचा, हा आक्षेप लोरेन्ट्स यांनी मे १९२६ मधील पत्रात श्रोडिंगर यांना कळविला होता. १९९६ मध्ये डेव्हिड अल्बर्ट यांनी तो आक्षेप न मानता हाच बहुमितीय अवकाश खरा आणि आपले त्रिमितीय जग त्यावरचा भास, अशी भूमिका घेतली. तत्त्वज्ञांत ती वादग्रस्त आहे.

डेव्हिड बोम यांचा दाखला अधिक प्रसिद्ध आहे (१९८०). काचेच्या टाकीतील एका माशावर काटकोनात दोन कॅमेरे रोखले आहेत. दोन पडद्यांवर दोन मासे दिसतात आणि एक वळला की दुसराही वळतो. त्यांच्यात निरोपांची देवघेव नाही, मासा एकच आहे. बोम यांच्या मते गुंतलेले दोन कण (ज्यांची मापने दूर असूनही परस्परांशी जुळतात असे) याच प्रकारे एका सहा मितींच्या वास्तवाच्या दोन छाया होत. दाखला सुबक आहे, पण सहसंबंध किती प्रमाणात दिसेल हा आकडा त्यातून येत नाही. तो नेहमीच्या पुंजयामिकीनेच काढावा लागतो. जे. कृष्णमूर्तींशी झालेल्या संवादांमुळे बोम यांच्या लेखनाला भौतिकीबाहेर मोठा वाचकवर्ग मिळाला आणि माशाचा दाखला तेथे पुष्कळदा पुराव्यासारखा वापरला गेला.

बेल कसोट्या : दूरच्या कणांच्या मापनांतील सहसंबंध केवळ स्थानिक कारणांनी किती असू शकतो, यावर जॉन बेल यांनी १९६४ मध्ये घातलेली मर्यादा प्रयोगांत ओलांडली जाते, हे ओर्से येथे आस्पे व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले आणि १.३ किमी. अंतरावर डेल्फ्ट येथे २०१५ मध्येही दाखविण्यात आले. डेल्फ्टच्या प्रयोगात २४५ नोंदी होत्या. गुंतलेले दोन कण वाढीव मितीत जवळजवळच असतात, म्हणून दुरून जुळतात, हे विवरण येथे वारंवार सुचविले जाते. तसा जवळचा मार्ग खरोखर असेल तर त्यावरून संदेश का पाठविता येत नाही, हे वेगळे सांगावे लागते. जिनीव्हाजवळ १८ किमी. अंतरावर झालेल्या प्रयोगानुसार (२००८) काही गृहीतकांखाली असा अदृश्य प्रभाव असलाच तर त्याचा वेग प्रकाशाच्या दहा हजार पटींहून अधिक असला पाहिजे.

भौतिकीविज्ञ माल्दासेना व ससकिंड यांनी २०१३ मध्ये गुंतलेले कण आणि कृमिविवर (अवकाशातील दोन ठिकाणे जोडणारा बोगदा) यांचे नाते सुचविले. विशिष्ट गणिती प्रतिरूपांत गुंतलेल्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे पाच मितींतील प्रतिबिंब कृमिविवरयुक्त निघते. आपल्या विश्वाला हे लागू आहे का, यावर मतभेद आहेत.

दुहेरी चिरांचा प्रयोग : दोन चिरांतून गेलेल्या कणांमुळे पडद्यावर उमटणाऱ्या पट्ट्यांसाठीही बहुमितीय विवरणे सुचविली गेली आहेत, पण त्या पट्ट्यांचे नवे भाकीत त्यांत नाही.

प्रायोगिक मर्यादा : वाढीव मिती मोठ्या असतील तर कमी अंतरावर गुरुत्वाचा व्यस्त वर्गाचा नियम मोडला पाहिजे. वॉशिंग्टन विद्यापीठातील पीळ-तराजूवर ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत तो मोडलेला आढळला नाही (२०२०). प्रयोगांत चौथी अवकाशीय मिती सापडल्याचा समजही चुकीचा आहे : चार मितींच्या क्वांटम हॉल परिणामाचे (चुंबकीय क्षेत्रात विद्युत् वहन ठरावीक पायऱ्यांनी बदलण्याच्या परिणामाचे) जे प्रयोग २०१८ मध्ये गाजले, त्यांत थंड अणू व प्रकाश-मार्गिका यांच्या द्विमितीय रचना वापरल्या होत्या; उरलेल्या दोन मितींचे काम बाहेरून फिरविता येणाऱ्या नियंत्रक राशींनी केले.