मधुमेह : भारतातील प्रसार व आर्थिक भार

रक्तातील साखर कायम वाढलेली राहण्याचा दीर्घकालीन विकार. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार (प्रसिद्धी २०२३) भारतात सुमारे १०.१ कोटी, म्हणजे ११.४% प्रौढांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, २६.४% आढळले, तर देशभरातील शहरांत ते १६.४% व ग्रामीण भागात ८.९% आहे.

उपचार आयुष्यभर चालतात. गोळ्या, इन्सुलिन व तपासण्यांचा खर्च बव्हंशी रुग्णाच्याच खिशातून होतो. मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी झाल्यास आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावे लागते. प्रत्येक खेपेस रुग्णाची व सोबत्याची रोजंदारी बुडते. चिघळलेल्या जखमेमुळे पाय कापावा लागल्यास घरातील कमाईच थांबते. वेळीच रक्ततपासणी, नियमित औषधे व पायांची निगा यांमुळे यांतील बरीच हानी टाळता येते.