वीरचं गेट, इंदापूरची टेल

1876-78च्या दुष्काळात भीमथडी आणि इंदापूर हे तालुके होरपळून निघाले. नीरेच्या डाव्या कालव्याची कल्पना पुढे रेटली गेली ती त्यानंतर, आणि 1885च्या सुमारास त्यात पाणी खेळू लागलं. वर भाटघरचा साठा, वीरला कालव्याचं तोंड, आणि तिथून बारामती ओलांडून इंदापुरापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरचा पाट.

अडचण या लांबीतच होती. पाणी ताशी दोन किलोमीटर सरकतं असं धरलं, तरी वीरला केलेला बदल टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पोचायला तीन दिवस लागणार. समजा, टेलकडून पाणी कमी पडल्याची ओरड आली आणि गेट उचललं. दुसऱ्या दिवशीही ओरड कायम, म्हणून आणखी उचललं. मग दोन्ही वाढी खाली उतरतात तेव्हा नेमका पाऊस पडलेला असतो. फाटे तुंबतात, भराव फुटतो. गेट घाईने खाली येतं आणि त्यानंतर चौथ्या दिवशी टेल पुन्हा कोरडी. 1942 साली अमेरिकेत झीगलर आणि निकोल्स यांनी कारखान्यांतल्या नियंत्रकांसाठी हाच धडा सूत्रात बसवला: परिणाम दिसायला जितका उशीर, तितका हात हलका हवा.

नीरेवरचे अभियंते त्याच्या कितीतरी आधी याहून पुढे गेले होते. त्यांनी मागणीचा पाठलागच कमी केला. विश्वेश्वरय्यांच्या नावाशी जोडलेली ब्लॉक पद्धत विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. सहा वर्षांचा करार, ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीच्यात इतर पिकं. म्हणजे किती पाणी लागेल ते आधीच ठाऊक. शेजपाळीचा हिशेबही तोच: अर्ज आधी, पाळी ठरलेली, भिजवण टेलकडून माथ्याकडे. निदान कागदावर तरी! माथ्याचा बागायतदार रात्री मोरी उघडतो, तेव्हा सारं गणित कोलमडतं.

एक चूक मात्र दिवसांत नव्हे, वर्षांनी कळली. जास्तीचं पाणी जमिनीत मुरत राहिलं, भूजल वर आलं, पांढरे क्षार फुटले. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला तो 1910 साली. कालवा तेव्हा पंचविशीत होता. ज्याचं रान चोपण झालं, त्याला गेट खाली करून काय उपयोग? चर खणून निचरा काढणं एवढंच हाती उरलं.

पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज आजही पाळी सुटण्याआधीच भरावा लागतो.