पिस्तुलाचा पल्ला

पिस्तूल हे हातभर अंतरावरचे हत्यार आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. लांबचा नेम धरायचा तो बंदुकीने, पिस्तूल समोरासमोरच्या प्रसंगासाठी. पुणेकरांच्या मनात तर ही समजूत अधिकच पक्की आहे, कारण या शहराच्या इतिहासात गाजलेल्या पिस्तुलाच्या गोळ्या अगदी जवळून झाडलेल्या आहेत.

त्यांतली पहिली तारीख आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, 22 जून 1897. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, चालू होता. प्लेगच्या बंदोबस्तातील अत्याचारांमुळे लोकांच्या रोषाला पात्र झालेला रँड रात्री तिथून बग्गीने परत निघाला. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक उठली आणि दामोदर चापेकरांनी मागून गाडीवर चढून रँडवर गोळी झाडली. पाठोपाठच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला मेला.

दुसरी तारीख 22 जुलै 1931. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन आले होते. वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर समोरून, अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले. गोगट्यांना मात्र पुढे सारा महाराष्ट्र ‘हॉटसन गोगटे’ म्हणूनच ओळखू लागला.

आता याच काळातली एक तिसरी घटना सांगतो. रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल 1896 मध्ये, अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले. तिथेही दोन भाऊ पिस्तूल घेऊन उभे राहिले होते. ते अमेरिकन होते, जॉन आणि समनर पेन. लष्करी रिव्हॉल्व्हरची 25 मीटरची स्पर्धा जॉनने जिंकली आणि समनर दुसरा आला. 30 मीटरची पिस्तुलाची स्पर्धा समनरने जिंकली. जॉनच्या हातात त्या दिवशी होते ते सैनिकाच्या कमरेला असते तसलेच रिव्हॉल्व्हर.

एकीकडे 25 आणि 30 मीटर, दुसरीकडे हातभर अंतर. असे का? रात्रीचा अंधार आणि धावती गाडी ही कारणे आहेतच. पण एक कारण कायद्यातही आहे. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली होती आणि युरोपियनांना मात्र त्यातून मोकळीक होती. ज्याला पिस्तूल जवळ ठेवणेच गुन्हा, त्याने निशाण लावून उघड्यावर रोज सराव कुठे करायचा? पेन बंधूंना ती सोय होती, चापेकर बंधूंना नव्हती.

आणि पिस्तुलाचा पल्ला वाढतो तो केवळ सरावाने. कसा, ते पाहू. साध्या पिस्तुलाला पुढे एक माशी असते आणि मागे एक खाच. दोन्हींमधले अंतर सुमारे 15 सेंटिमीटर. माशी खाचेच्या मधोमध न राहता एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 17 सेंटिमीटर बाजूला जाते आणि 50 मीटरवर 33 सेंटिमीटर. रायफलीत हेच अंतर पाऊण मीटर धरले, तर तेवढ्याच चुकीने 50 मीटरवर गोळी जेमतेम सात सेंटिमीटर सरकते. शिवाय रायफलीला खांद्याचा आधार असतो. पिस्तूल पुढे ताणलेल्या हातात लोंबकळत असते, श्वासाबरोबर हलते, छातीच्या ठोक्याबरोबरही हलते.

त्यात गुरुत्वाकर्षणाची भर. सेकंदाला 350 मीटर वेगाने निघालेली नऊ मिलिमीटरची गोळी 25 मीटर जाईपर्यंत अडीच सेंटिमीटर खाली येते. 50 मीटरवर ती दहा सेंटिमीटर खाली असते आणि 100 मीटरवर 40 सेंटिमीटरहून अधिक. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते, हवेचा अडथळा धरला तर त्याहूनही थोडी जास्त. मात्र ही घसरण दर वेळी सारखीच असते, म्हणून तिचा हिशेब मांडता येतो. हिशेब मांडता येत नाही तो थरथरत्या हाताचा.

तो हात सवयीने स्थिर झाला तर पिस्तूल किती लांब जाऊ शकते? मेक्सिकोत जनावरांच्या लोखंडी आकृत्या उभ्या करून नेमबाजी करण्याचा खेळ रुजला. तो अमेरिकेत गेला आणि 1970 च्या दशकात पिस्तुलानेही खेळला जाऊ लागला. 1976 मध्ये त्याची स्वतंत्र संघटना झाली. 50 मीटरवर कोंबडी, 100 वर डुक्कर, 150 वर टर्की आणि 200 मीटरवर मेंढा! गोळी लागून भागत नाही, आकृती पडावी लागते, तरच गुण मिळतो. दोनशे मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाची धावपट्टी अर्धी पळण्याइतके अंतर.

ऑलिंपिकने मात्र पिस्तुलाची परिसीमा 50 मीटर मानली. एका हातात पिस्तूल धरायचे, दुसऱ्या हाताचा टेकू नाही आणि साठ गोळ्या. निशाणाच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटर व्यासाचे. मघाचा हिशेब लावला, तर पंधरा सेंटिमीटरच्या पिस्तुलात माशी सात शतांश मिलिमीटरहून थोडी अधिक हलली की दहाचा नऊ होतो!

आपल्याकडे या खेळाला घर मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती आणि अहमदाबादेत स्थायिक झालेले मराठी गृहस्थ. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी ठरली. 1878 चा कायदा जाऊन 1959 चा शस्त्र कायदा आला. परवान्याची अट राहिली, पण रायफल क्लबांना आणि नामवंत नेमबाजांना सरावापुरती वाट मोकळी झाली.

पुण्यात ती वाट 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात पोचली. तिथल्या रेंजवर 2008 च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्णपदक मिळवले. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचे वैयक्तिक सुवर्ण पुण्याच्या अनिसा सय्यदने जिंकले, रौप्य राहीने. दुहेरीचे सुवर्ण दोघींनी मिळून आणले. 2018 मध्ये पालेमबांगला राहीने 25 मीटरमध्येच आशियाई सुवर्ण मिळवले. बरोबरी झाली, पुन्हा गोळ्या झाडाव्या लागल्या, पुन्हा बरोबरी झाली आणि मग निकाल लागला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

या स्पर्धेचा दुसरा टप्पा पाहण्यासारखा असतो. हात खाली ठेवून उभे राहायचे, निशाण तीन सेकंद मिळते, तेवढ्यात हात उचलून एक गोळी झाडायची. मग सात सेकंद विश्रांती आणि पुन्हा तीन सेकंद. असे तीस वेळा. इथे डोळ्यापेक्षा मनाची कसोटी लागते. नाशिकचे भीष्मराज बाम, मूळचे पोलीस अधिकारी आणि पुढे क्रीडा मानसशास्त्राचे मार्गदर्शक, नेमबाजांना श्वास आणि एकाग्रता शिकवीत, ते याचसाठी.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पिस्तुलाचा सर्वांत लांबचा पल्ला, पुरुषांची 50 मीटरची स्पर्धा, 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर तिथून वगळली गेली. तिच्यासह आणखी दोन प्रकार गेले आणि त्या जागी स्त्री-पुरुषांच्या मिश्र स्पर्धा आल्या. उद्देश चांगला होता. पण 2014 मध्ये याच प्रकारात जागतिक रौप्य आणि आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या जितू रायसारख्या नेमबाजाची वाट त्यामुळे बंद झाली. पॅरालिंपिकने तो पल्ला टिकवला. टोकियोत मनीष नरवाल आणि सिंहराज अधाना यांनी 50 मीटर पिस्तुलात सुवर्ण आणि रौप्य आणले.

गणेशखिंडीहून बालेवाडी काही फार लांब नाही. पण पिस्तुलाला हातभर अंतरापासून 50 मीटरपर्यंत पोचायला या शहरात जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती लागली याचे कारण पुण्याच्या तरुणांचा हात कच्चा होता असे नाही. त्या हाताला रोज, उघडपणे, कुणाचेही रक्त न सांडता नेम धरायला जागा नव्हती. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी जीव पणाला लावून अंतर तोडले. ज्यांना मिळाली त्यांनी पदके आणली. म्हणून रेंजच्या एका कट्ट्याची, तिथे सकाळी रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलामुलींची किंमत आपण ओळखली पाहिजे. इतिहासाने ती बरीच महाग करून आपल्या हाती दिली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)